१९४६चं कान: 'नीचा नगर'च्या पंक्तीला बसलेले बाकीचे दहा

पारिजात

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, शेवटी धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आमच्या घरच्या ग्रुपवर दर मे महिन्यात, फ्रान्समधला कानचा सिनेमा महोत्सव सुरू झाला की हमखास, एक फॉरवर्ड येतो. चेतन आनंदचा 'नीचा नगर' हा तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस पाम द ओर मिळवणारा एकमेव भारतीय सिनेमा, वगैरे. यंदा माझ्या भाचीने विचारलं, मावशी, मग त्या वर्षी हरलं कोण? आणि मला एक नाव सांगता येईना. इतकी वर्षं सिनेमावर वाचतेय, इथे तावातावाने लिहितेय आणि समोर कोण होतं तेच माहीत नाही, फार लागलं मनाला. मग बसले शोधायला, तर पहिल्यांदा हेच कळलं की तो पाम द ओर नव्हताच, ते नाव आलं १९५५ला. १९४६ला सगळ्यात मोठ्या बक्षिसाचं नाव होतं ग्रां प्री आणि ते एकट्या 'नीचा नगर'ला नाही, अकरा सिनेमांना मिळून होतं. अकरा देश, प्रत्येकाचा एक.

इंग्लंडचा डेव्हिड लीनचा 'ब्रीफ एन्काउंटर', अमेरिकेचा बिली वाइल्डरचा 'द लॉस्ट वीकेंड', इटलीचा रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी', स्वीडनचा 'टॉर्मेंट' ज्याची पटकथा तेव्हा पंचविशीतल्या बर्गमनने लिहिली होती, मेक्सिकोचा 'मारिया कांदेलारिया', फ्रान्सचा आंद्रे जीदच्या कादंबरीवरचा 'पास्टोरल सिंफनी', स्वित्झर्लंडचा 'द लास्ट चान्स', डेन्मार्कचा 'रेड मेडोज', चेकोस्लोव्हाकियाचा 'मेन विदाउट विंग्ज', रशियाचा स्टालिनग्राडच्या लढाईवरचा 'द टर्निंग पॉइंट' आणि आपला 'नीचा नगर'. गेले अडीच महिने शनिवार-रविवार हेच करतेय, दहा बघून झाले, चेक सिनेमा काही सबटायटल्ससकट मिळेना.

मुळात हा महोत्सव निघाला कसा तेही सांगायला हवं, नाहीतर ते अकरा बक्षिसांचं कोडं सुटत नाही. १९३८ला व्हेनिसच्या महोत्सवात मुसोलिनीच्या नावाचा कप दोघांत वाटला गेला. एक रीफेनश्टालचा 'ऑलिंपिया', हिटलरच्या जर्मनीतल्या ऑलिंपिकवरचा, आणि दुसरा मुसोलिनीच्या मुलाच्या देखरेखीखाली झालेला एक इटालियन वैमानिकपट. परीक्षकांवर कुठून दबाव आला हे सगळ्यांना दिसत होतं. फ्रान्सकडून गेलेला फिलिप एर्लांजे परतीच्या आगगाडीत बसून विचार करत आला की आपण असा महोत्सव काढू जिथे कुठल्या सरकारचा हात परीक्षकांच्या मानेवर नसेल. शिक्षणमंत्री होते जाँ झे, त्यांनी ते उचलून धरलं. तारीख ठरली १ सप्टेंबर १९३९. अध्यक्ष लुई ल्युमिएर. अमेरिकेहून सिनेतारे बोटीने आले होते, 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम'साठी समुद्रकिनाऱ्यावर पुठ्ठ्याचं अख्खं चर्च उभं केलं होतं. आणि १ सप्टेंबरच्या पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. संपलं सगळं.

जाँ झेंना फ्रान्सच्याच, जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने तुरुंगात टाकलं आणि जून १९४४ला त्या सरकारच्याच मिलिशियाच्या लोकांनी बाहेर नेऊन गोळी घातली. महोत्सव झाला तो बघायला ते नव्हते. हे वाचलं त्या दिवशी मी पुढे काही वाचू शकले नाही.

महोत्सव झाला २० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर १९४६. स्वतःची इमारत नाही म्हणून नगरपालिकेच्या कॅसिनोत. २१ देशांचे सिनेमे. आणि आपल्याकडे त्या वेळी काय चाललं होतं बघा, २ सप्टेंबरला नेहरूंचं हंगामी सरकार आलं होतं, म्हणजे उद्घाटनाच्या अठरा दिवस आधी. कलकत्त्याची कत्तल ऑगस्टमधली. आपण स्वतंत्र नव्हतो आणि आपला सिनेमा मात्र आपल्या नावाने तिथे होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'नीचा नगर' एकटा बघू नका, या दहांच्या सोबत बघा. त्यातले पाच तर सरळ युद्धाचे नाहीतर परकीय फौजेखाली जगलेल्या माणसांचे आहेत. ते बघून झाल्यावर मी 'नीचा नगर' परत लावला आणि मला तो वेगळाच दिसला. तुम्ही कोणी यातले बघितलेत का? लिहा.

सदू_पेठेतला

वाचनखूण साठवली आहे. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

ठाणेकर७२

लेख छान, माहिती बरीच नवीन, पण मला एक गोष्ट टोचली ती बोलून टाकतो. अकरा देशांना अकरा बक्षिसं म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला प्रत्येक पोराच्या हातात पेन्सिल. ज्युरीतही देशादेशांचेच प्रतिनिधी बसलेले, महायुद्ध नुकतं संपलेलं, कुणाला नाराज करायचं नव्हतं, अमेरिका आणि रशिया एकाच खोलीत बसवायचे होते. मग भारतालाही एक द्या. त्यावर आपण ऐंशी वर्षं छाती फुगवायची का? 'नीचा नगर' मी बघितलाय. संवाद नाटकी आहेत, माणसं बोलायच्या आधी उभं राहून पोझ घेतात. 'रोम, ओपन सिटी'शेजारी त्याला ठेवणं हा रोसेलिनीवर अन्याय आहे, राग मानू नका.

पारिजात

राग कशाला ठाणेकर, बरोबर प्रश्न काढलात. वाटणी झाली हे खरंच आहे. पण सगळ्यांना नाही मिळालं. २१ देशांतले दहा ग्रां प्रीशिवाय परत गेले, पोर्तुगालचा 'कामॉइश' त्यात. आणि स्पर्धेत काय काय होतं बघा, हिचकॉकचा 'नोटोरियस' होता, ज्याची रिळं म्हणे तिथे उलटसुलट क्रमाने दाखवली गेली, रिटा हेवर्थचा 'गिल्डा' होता, कॉक्तोचा 'ब्यूटी अँड द बीस्ट' होता. यांपैकी एकालाही ग्रां प्री नाही. रने क्लेमाँचा फ्रेंच रेल्वे कामगारांवरचा सिनेमा तर दिग्दर्शनाचं बक्षीस आणि ज्युरीचं वेगळं बक्षीस घेऊन गेला पण फ्रान्सचं ग्रां प्री दुसऱ्याच सिनेमाला. म्हणजे देश ठरला असेल वाटणीने, सिनेमा निवडताना कुणीतरी बसून बघितलंय.

नाटकीपणाबद्दल मान्य. इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेची माणसं, सगळी रंगभूमीवरून आलेली, चेतन आनंदचा पहिलाच सिनेमा, कामिनी कौशलचा पहिला, रविशंकरांनी सिनेमाला संगीत द्यायला सुरुवात केली तीही त्याच वर्षी. टेकडीवरच्या 'सरकार' नावाच्या श्रीमंताची भूमिका करणारे रफी पीर लाहोरचे, जर्मनीत नाटक शिकून आलेले, त्यांचं ते हळू हळू चालणं आणि छडी धरणं नाटकातलं आहेच. पण तुम्ही म्हणता म्हणून मी एक सांगते, मशाली घेऊन लोक वर टेकडीकडे जातात तो भाग परत बघा. भिंतीवर नुसत्या सावल्या चढत जातात, तिथे कोणी पोझ घेत नाही.

आप्पा_सांगलीकर

पारिजात ताई, व्हेनिसचं नाव निघालं म्हणून लिहितो. वय झालं, टाइप करायला वेळ लागतो.

ज्या व्हेनिसला कंटाळून फ्रेंचांनी कान काढलं त्याच व्हेनिसला १९३७ साली आपला 'संत तुकाराम' गेला होता. प्रभातचा, दामले आणि फत्तेलाल यांचा, विष्णुपंत पागनीस तुकाराम. तिथे त्याचा गौरव झाला. त्याच वर्षी तिथे रेन्वारचा 'ग्रांद इल्युजन' होता, जो गोबेल्सच्या आणि मुसोलिनीच्या डोळ्यांत खुपला. म्हणजे एकाच पडद्यावर एक दिवस देहूचा वाणी आणि एक दिवस जर्मन किल्ल्यात अडकलेले फ्रेंच कैदी. मला हे जेव्हा समजलं तेव्हा मी किती तरी वेळ नुसता बसून राहिलो.

'तुकाराम' मी लहानपणी जत्रेतल्या तंबूत बघितला. वडील खांद्यावर घेऊन उभे. बायका नारळ आणि उदबत्ती घेऊन यायच्या. पागनीस पडद्यावर आले की पुढच्या रांगेतली माणसं चपला काढून ठेवायची. जिजाई म्हशीवर ओरडते, नवऱ्यावर ओरडते, विठ्ठलावर सुद्धा ओरडते, तिथे आमची आजी हसून हसून डोळे पुसायची. ठाणेकरांनी नाटकीपणाचं म्हटलं म्हणून सांगतो, जिजाई झालेल्या गौरीबाईंचं ते काम बघा, त्या काही कुठल्या नाट्यशाळेत गेल्या नव्हत्या. युरोपात युद्धानंतर जे रस्त्यावरच्या माणसाचं अभिनय करणं आलं ते आमच्याकडे कोल्हापूर-पुण्यात आधीच होतं असं मी म्हणेन. कोणाला पटो न पटो.

केतकी

आप्पा काका, जिजाईबद्दल अगदी अगदी. +१

मी 'ब्रीफ एन्काउंटर'बद्दल लिहू का? माझा मुलगा लँकेस्टरला शिकायला होता, त्याला भेटायला गेलो तेव्हा जवळच कार्नफोर्थ स्टेशन आहे तिथे गेलो. १९४५च्या फेब्रुवारीत रात्रीच्या रात्री तिथे शूटिंग केलं होतं, कारण तेव्हा युद्ध चालू होतं आणि उजेड करायचा तर विमानहल्ल्याच्या भीतीने दक्षिणेपासून लांबचं स्टेशन हवं होतं, इशारा आला तर दिवे घालवायला वेळ मिळावा म्हणून. तिथे ते मोठं घड्याळ अजून आहे आणि चहाची खोली सिनेमातल्यासारखी परत लावली आहे. मी तिथे बसून चहा घेतला आणि मला खरंच रडू आलं, नवरा विचारतोय काय झालं, काय सांगणार.

गोष्ट काय तर लग्न झालेली बाई, लग्न झालेला डॉक्टर, दर गुरुवारी स्टेशनवर भेटतात, आधी डोळ्यात कोळशाचा कण जातो आणि तो काढून देतो एवढीच ओळख. शेवटची भेट असते, त्याची गाडी यायला थोडी मिनिटं, दोघं त्या चहाच्या टेबलाशी गप्प बसलेत आणि तेवढ्यात तिच्या ओळखीची एक बडबडी बाई येऊन मध्येच बसते आणि बोलतच सुटते. निरोप घेता येत नाही. गाडी येते. तो उठतो आणि जाताना फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवतो, थोडा दाबतो, आणि जातो. बस. मी पंचवीस वर्षं एकत्र कुटुंबात राहिलेली बाई आहे, चार माणसांत काहीच न बोलता येणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको. आता पारिजातने विचारलंय की 'नीचा नगर'च्या सोबत हे कसं बसतं तर ते मला नाही सांगता येणार, तो तसा युद्धाचा सिनेमाच नाही, पण बघा मात्र नक्की.

पारिजात

केतकी, किती छान लिहिलंस गं. युद्धाचा नाही खरं, पण युद्ध चालू असताना केलेला आहे आणि त्यात युद्धाचा एक शब्द नाही. लोकांना तेव्हा साधं वेळेवर चालणारं स्टेशन बघायचं असेल असं मला वाटलं.

घाटवाट

मी सिनेमावाला माणूस नाही, पण पारिजात ताईंनी फ्रेंच रेल्वेच्या सिनेमाचा ओझरता उल्लेख केला तिथे थांबलो. नाव 'बॅटल ऑफ द रेल्स'. वडील भुसावळला ड्रायव्हर होते, आधी वाफेच्या इंजिनावर मग डिझेलवर, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, सिनेमात यार्ड दिसलं की मी बाकी सगळं सोडून बघतो. काल रात्री बसून बघितला.

यात बरीच माणसं खरी रेल्वेचीच आहेत आणि ते दोन मिनिटांत कळतं. कपलिंग जोडायला वाकलेला माणूस कसा वाकतो, कंदील कुठल्या हातात धरतो, हे नटाला शिकवून येत नाही. जर्मनांच्या ताब्यातली गाडी आहे तर हे लोक वॅगनवरची चिठ्ठी बदलतात, माल भलतीकडे जातो. कुठे पॉइंट, म्हणजे रुळाचा सांधा, चुकीचा लावतात. कुठे इंजिन बिघडवतात आणि मग निर्विकार तोंडाने सांगतात की दुरुस्तीला वेळ लागेल. हे बघताना अंगावर काटा आला कारण इतकं साधं काम आहे ते, रोजच्या ड्युटीतलं.

एक सीन सांगतो. घातपाताचा बदला म्हणून सहा रेल्वेवाल्यांना यार्डाच्या भिंतीशी उभं करतात. तोंड भिंतीकडे. एकेकाला गोळी घालतात. कॅमेरा शेवटच्या माणसाबरोबर राहतो, तो भिंतीकडे बघतोय, भिंतीवर एक कोळी चालतोय, तो त्या कोळ्याकडे बघतोय. आणि तेवढ्यात यार्डातली सगळी इंजिनं शिट्टी द्यायला लागतात. सगळ्या ड्रायव्हरांनी दोर ओढून धरलेत. गोळ्यांचा आवाज त्या शिट्ट्यांमध्ये जातो. दुसरं कोणी काही करू शकत नाही म्हणून शिट्टी. नंतर एक अख्खी गाडी रुळावरून पडते, खरी गाडी आहे, खेळण्यातली नाही, आणि सगळं शांत झाल्यावर एक ॲकॉर्डियन उतारावरून गडगडत येतं, आवाज करत. आत कोण तरी वाजवणारं असेल ना. शत्रूचाच सैनिक, पण वाजवणारा.

याला ग्रां प्री कसं नाही मिळालं हे मला समजत नाही. फ्रान्सने स्वतःच्या घरच्या बक्षिसासाठी पाद्री आणि आंधळ्या मुलीची गोष्ट निवडली. तो मी नाही बघितला, मिशेल मॉर्गनचं काम चांगलं असेलही, तिला अभिनेत्रीचं बक्षीस होतं असं वाचलं. तरी पण.

ठाणेकर७२

घाटवाट, तुमचं वाचून मी आज ऑफिसला उशिरा निघालो. कोळ्याचा सीन मी बघितला होता आणि पूर्ण विसरलो होतो.

विहीर

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचायचे.

इथे सगळे परदेशी सिनेमांबद्दल बोलताहेत, मी 'नीचा नगर'बद्दलच बोलणार आहे. ठाणेकर दादा म्हणाले नाटकी, तर असेल. पण त्यात गोष्ट काय आहे ते कोणीच नीट सांगितलं नाही. वर टेकडीवर सरकार नावाचा श्रीमंत माणूस. त्याला दलदलीची जमीन कोरडी करून तिथे घरं बांधायची आहेत. म्हणून तो शहराचं गटार वळवून खालच्या वस्तीतून सोडतो. घाण पाणी गल्लीत येतं, पोरं आजारी पडायला लागतात. लोक तक्रार करतात तर गोड बोलतो, वस्तीतल्या एका हुशार पोराला आपल्या बाजूला ओढतो. चांगलं पाणी तोडतो. मग आजारी पडलेल्यांसाठी स्वतःच दवाखाना उघडतो, म्हणजे रोग पण त्याचाच आणि औषध पण त्याचंच. वस्ती ठरवते की या दवाखान्यात जायचं नाही. सिनेमाचा नायक बलराज, त्याची बहीण रूपा, कामिनी कौशल, तिला तापाने धरलंय, ती नाही जात. मरते.

मी ज्या वस्तीत वाढले, नाव नाही लिहीत, तिथे आमच्या मागून नाला जायचा. मी सातवीत असताना पलीकडे मोठ्या बिल्डिंगी बांधायला घेतल्या आणि नाल्याचं तोंड वळवून त्यावर भराव टाकला. त्या पावसात पहिल्यांदा आमच्या घरात पाणी आलं, पाणी म्हणजे काय ते सांगत नाही. आईने गॅसची शेगडी कपाटावर ठेवली होती आणि आम्ही चौघं पलंगावर रात्रभर बसलो. नंतर तीन वर्षं दर पावसाळ्यात तेच. अर्ज दिले, मोर्चा नेला, एक साहेब येऊन फोटो काढून गेले. मग ज्यांनी भराव टाकला त्यांच्याच तर्फे वस्तीत मोफत तपासणी शिबिर लागलं, मंडप, खुर्च्या, बिस्किटांचे पुडे. आम्ही गेलो शिबिराला. भावाला कावीळ झाली होती, न जाऊन काय करणार.

म्हणून रूपा जेव्हा नाही म्हणते तेव्हा मला तिचा राग आला आणि तिचा हेवा पण वाटला. हा सिनेमा मी पुण्यात एका फिल्म क्लबच्या खेळाला बघितला, पंधरा माणसं होती. बाहेर आल्यावर कोणीतरी म्हणालं, रूपक आहे, टेकडी म्हणजे ब्रिटिश सत्ता. असेल रूपक. मला ते गटार गटारच दिसलं. ख्वाजा अहमद अब्बास आणि हयातुल्ला अन्सारींनी लिहिताना कुठली तरी खरी गल्ली डोळ्यापुढे ठेवली असणार, नाहीतर दवाखान्याची गोष्ट सुचत नाही.

पाल्हाळ लागलं, माफ करा.

आप्पा_सांगलीकर

विहीर बाळ, माफी कसली मागतेस. या धाग्यात आतापर्यंत सगळ्यांत खरं तू लिहिलंस.

पारिजात

विहीर, मी काल तुझा प्रतिसाद तीनदा वाचला. मला जे दोन परिच्छेदांत सांगता आलं नाही ते तू सांगितलंस. आता लिहिते.

या अकरांत डॅनिश 'रेड मेडोज' आहे, देश मोकळा झाल्याबरोबर केलेला, जर्मन तुरुंगात फाशीची वाट बघणारा एक क्रांतिकारक आठवणी काढतो. स्विस 'लास्ट चान्स'मध्ये इटलीतून बर्फाचे डोंगर ओलांडून निर्वासित स्वित्झर्लंडकडे निघतात, प्रत्येकाची भाषा वेगळी, सिनेमा भाषांतर करत बसत नाही, ज्याची त्याची भाषा तशीच ठेवतो, त्यातले इंग्रज-अमेरिकन सैनिक खरे सैनिकच होते. त्याला ग्रां प्रीबरोबर शांततेचं बक्षीसही मिळालं. 'रोम, ओपन सिटी' तर रोम मोकळं होऊन काही महिनेच झाले होते तेव्हा सुरू केला, फिल्मचे मिळतील ते तुकडे जमवून. आना मान्यानीची पिना, लग्नाच्या दिवशीच, जर्मनांनी ट्रकमध्ये टाकलेल्या तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या मागे धावते, हात वर, त्याचं नाव ओरडत, आणि गोळी लागून रस्त्यात पडते. सिनेमा अजून अर्धा शिल्लक आहे आणि ती गेली. पाद्री तिचं डोकं मांडीवर घेतो.

आता ज्यांनी असं चार-पाच वर्षं भोगलंय त्यांच्या पुढे पडदा उघडतो आणि एक वस्ती ठरवते की जुलमी माणसाच्या दवाखान्यात जायचं नाही, मरू पण जायचं नाही. मला नाही वाटत त्यांना समजायला रूपक वगैरे लागलं असेल. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी घरी हाच प्रश्न सोडवला होता किंवा सोडवता आला नव्हता. शत्रूच्या हातून भाकरी घ्यायची का, औषध घ्यायचं का. विहीर, तुझ्या आईने घेतलं, रूपाने नाही घेतलं, आणि दोघींबद्दल बोलायला त्या सभागृहात माणसं होती. ठाणेकर, म्हणून मी म्हणते की वाटणीत मिळालं असलं तरी 'नीचा नगर' त्या पंगतीत पाहुणा म्हणून नव्हता बसला.

आणि चीड याची येते की इथे, आपल्याकडे, तो धड लागलाच नाही. परदेशात गौरव आणि घरी थिएटर नाही.

ठाणेकर७२

मी अर्धा माघार घेतो. सिनेमा म्हणून 'रोम'ची उंची त्याला नाही हे माझं मत कायम. पण पेन्सिलवाला शब्द मागे.

रानजाई

मला एक शंका आहे. २०२४ला पायल कपाडियाच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला पण ग्रां प्रीच मिळालं ना? मग फॉरवर्डमध्ये एकमेव कसं म्हणतात?

पारिजात

नाव तेच, जागा वेगळी. १९४६ला ग्रां प्रीच्या वर काही नव्हतं. आता पाम द ओर पहिलं आणि ग्रां प्री दुसरं. पण म्हणून पायलचं कमी होत नाही, तीस वर्षांनी भारतीय सिनेमा मुख्य स्पर्धेत होता. मधल्या काळात आपल्याला काही ना काही मिळत राहिलं, १९५४ला 'दो बिघा जमीन', १९५६ला 'पथेर पांचाली', आणि शांतारामबापूंचा आपला मराठी 'अमर भूपाळी' सुद्धा १९५२ला तिथे स्पर्धेत होता. मराठी! होनाजी बाळाची लावणी कानच्या पडद्यावर. याच्यावर कुणी तरी वेगळा धागा काढा ना.

केतकी

पायलच्या सिनेमात छाया कदम आहे ती गिरणी कामगाराची विधवा, मुंबईतली खोली बिल्डरच्या घशात जाते कारण तिच्या नावावर कागद नाही, आणि ती रत्नागिरीकडच्या गावी परत जाते. विहीरचं वाचल्यावर मला एकदम ती आठवली. जाताना ती बिल्डरच्या जाहिरातीच्या बोर्डावर दगड मारते.

विहीर

केतकी ताई हो! मी त्या दगडाला थिएटरात टाळी वाजवली होती. एकटीनेच.

आप्पा_सांगलीकर

'दो बिघा'वरून आठवलं. १९५२च्या जानेवारीत मुंबईला आपला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, आता जो गोव्यात असतो तो. तिथे 'बायसिकल थीव्ज' दाखवला. बिमल रॉयनी तो बघितला आणि पुढच्या वर्षी 'दो बिघा जमीन' केला आणि तो कानला गेला. माझे एक मामा तेव्हा गिरणीत होते, ते तो इटालियन सिनेमा बघून आले आणि घरी सांगत बसले की सायकल चोरीला जाते बघ, एवढीच गोष्ट, पण मला रात्री झोप नाही आली. भाषा कळली का विचारलं तर म्हणाले, सायकल कळली.

सदू_पेठेतला

पारिजात, एक विचारायचं होतं. तो रशियन 'टर्निंग पॉइंट' आणि मेक्सिकोचा, या दोन्हींबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही.

पारिजात

रशियनबद्दल मुद्दामच गप्प होते. स्टालिनग्राड आहे, पण जवळजवळ सगळा सिनेमा सेनापतींच्या नकाशाच्या टेबलाभोवती, सैनिक फारसा दिसत नाही. एक टेलिफोनची तार जोडणारा शिपाई आहे, मरता मरता तार दातात धरतो, तेवढं लक्षात राहिलं. बाकी मला जड गेला.

'मारिया कांदेलारिया' मात्र बघाच. गाब्रिएल फिगेरोआचा कॅमेरा, छायाचित्रणाचं बक्षीस त्यालाच. सोचिमिल्कोचे कालवे, फुलांनी भरलेल्या होड्या, आणि तिच्याकडे असलेलं एकच डुकराचं पिल्लू, त्याच्यावर तिचं लग्न अवलंबून. सावकार ते मारतो. आणि तिला नंतर हिवताप होतो तर सरकारी क्विनीनची गोळी सावकार अडवून ठेवतो. विहीर, बघ, तिथेही औषधच. पृथ्वीच्या त्या टोकाला.

घाटवाट

शेवटचं सांगतो आणि थांबतो. पारिजात ताई, चेक सिनेमा मला सबटायटल्ससकट सापडला आहे, व्यक्तिगत निरोप केलाय, विमानतळावर काम करणाऱ्या साध्या मेकॅनिक लोकांची गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे काल वडिलांना तो रेल्वेचा सिनेमा दाखवला. ८१ वय आहे, ऐकू कमी येतं, म्हणून मोबाइल कानाजवळ धरून बसले. शिट्ट्यांचा सीन आला तेव्हा म्हणाले मागे घे. तीनदा मागे घेतला. मग म्हणाले, सगळी एकसारखी नाही वाजत आहेत बघ, एकाची वाफ कमी आहे, त्याचा फायरमन जागेवर नसणार. मी विचारलं कुठे गेला असेल, तर बोटाने पडद्यावरची ती भिंत दाखवली.

नंतर त्यांनी त्यांच्या रिटायरमेंटच्या दिवसाचं सांगितलं, त्यांची शेवटची गाडी यार्डात आली तेव्हा बाकीच्यांनी हॉर्न दिले होते. हे मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होतो, आलो नव्हतो.